कॅडमध्ये अडलात? मदत मागण्याआधी फाइल वाचवा, दोष शोधा, मग विचारा

रात्री ९ वाजता मोबाइलने काढलेला स्क्रीनचा तिरका फोटो आणि खाली एक ओळ: ‘सर, ऑटोकॅड चालत नाही, अर्जंट.’ ठाण्यातल्या आर्किटेक्टच्या ऑफिसांतून, वागळे इस्टेटातल्या फॅब्रिकेशनच्या गाळ्यांतून, महापे-रबाळ्याच्या कंपन्यांतून असे मेसेज रोज जातात. त्यांना उत्तर मिळत नाही किंवा चुकीचं मिळतं, कारण त्या फोटोत उत्तर देण्यासारखं काहीच नसतं. मग कोणीतरी ‘रीइन्स्टॉल करून बघ’ म्हणतं, अर्धा दिवस त्यात जातो आणि दोष होता तिथेच राहतो.

पुढचा क्रम ऑटोकॅड (संगणकावर ड्रॉइंग काढायचं सॉफ्टवेअर) आणि ऑटोकॅड एलटी (त्याची कमी सोयींची आवृत्ती) धरून दिला आहे. डीडब्ल्यूजी, म्हणजे ऑटोकॅडच्या ड्रॉइंगची, फाइल वापरणाऱ्या इतर सॉफ्टवेअरमध्ये काही कमांडची नावं बदलतील, क्रम बदलणार नाही. कमांडची नावं इथे देवनागरीत आहेत, टाइप करताना ती रोमन अक्षरांत करायची.

१. आधी फाइल वाचवा

काही बिघडलं की हात आपोआप सेव्हकडे जातो. सगळ्यात जास्त नुकसान याच सवयीने होतं. सेव्ह केल्यावर आधीची फाइल ‘बॅक’ या एक्स्टेन्शनने बाजूला ठेवली जाते. बिघडलेली फाइल एकदा सेव्ह केली तर चांगली आवृत्ती बॅकमध्ये असते. दुसऱ्यांदा सेव्ह केली की बॅकमध्येही बिघडलेलीच फाइल बसते. म्हणून:

१. ड्रॉइंग उघडं असेल तर सेव्ह करू नका. ‘सेव्ह ॲज’ने वेगळं नाव द्या.
२. ‘चाचणी’ नावाचं फोल्डर करा आणि मूळ डीडब्ल्यूजी, बॅक, एक्सरेफ (ड्रॉइंगला बाहेरून जोडलेल्या इतर ड्रॉइंग फाइली), सीटीबी (छपाईत रेषांचे रंग-जाडी ठरवणारी फाइल) यांच्या प्रती त्यात ठेवा.
३. यापुढचं सगळं त्या प्रतींवर करा. मूळ फाइलला हात नाही.

मशीन मध्येच बंद पडलं असेल, पावसाळ्यात लाइट गेल्यावर तर हमखास, तर पुन्हा सुरू केल्यावर ड्रॉइंग रिकव्हरीची पट्टी उघडते. ती घाईने बंद करू नका. तिथे मूळ, बॅक आणि ऑटोसेव्ह अशा तिन्ही आवृत्त्या वेळेसकट दिसतात. पट्टी आली नाही तर ‘ड्रॉइंगरिकव्हरी’ कमांड द्या. ऑटोसेव्हची फाइल ‘एसव्ही’ आणि डॉलरचं चिन्ह अशा एक्स्टेन्शनची असते. ती कुठे जाते हे ‘सेव्हफाइलपाथ’ टाइप करून कळतं. तिची प्रत काढून एक्स्टेन्शन डीडब्ल्यूजी केलं की उघडते. ड्रॉइंग व्यवस्थित बंद केलं की ही फाइल आपोआप पुसली जाते, म्हणून बंद करण्याआधी प्रत घ्या.

तपासा: ‘सेव्हटाइम’ किती आहे? मूळचा आकडा १० मिनिटं असतो. कोणीतरी तो ० केला असेल तर ऑटोसेव्ह बंद आहे. ‘आयसेव्हबॅक’ १ हवा.

सावधान: विंडोजमध्ये एक्स्टेन्शन लपवलेली असतात. ती आधी दिसायला लावा, नाहीतर नाव बदलून फाइल ‘प्लॅन.डीडब्ल्यूजी.बॅक’ अशी होते आणि उघडतच नाही.

२. तक्रार एका वाक्यात बसवा

काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. या तीन गोष्टी एका वाक्यात लिहिता येत नसतील तर प्रश्न अजून विचारण्याजोगा झालेला नाही. ‘हॅच (बंद जागेत भरायचा नमुना) येत नाही’ असं म्हटल्याने काहीच कळत नाही. ‘खोलीच्या आत क्लिक केल्यावर बंद सीमा सापडली नाही असा संदेश येतो’ असं म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे लगेच दोन-तीन कारणं येतात.

शब्दही नेमके वापरा. हँग म्हणजे खिडकी गोठली, पण प्रोग्राम चालू आहे. क्रॅश म्हणजे प्रोग्रामच बंद पडला. स्लो म्हणजे काम होतं, पण वेळ लागतो. या तिन्हींची कारणं वेगळी आहेत. तसंच ‘लाइन दिसत नाही’ आणि ‘लाइन प्रिंटमध्ये येत नाही’ हे दोन प्रश्न आहेत.

एफ२ दाबलं की कमांडचा इतिहास उघडतो. शेवटच्या दहा-पंधरा ओळी कॉपी करून ठेवा. चूक दाखवणाऱ्या संदेशाचं भाषांतर करू नका, आठवणीने लिहू नका, जसाच्या तसा चिकटवा.

३. दोष कुठे बसला आहे ते शोधा

हा टप्पा बहुतेक जण गाळतात, आणि खरं उत्तर इथेच असतं. दोष फाइलमध्ये असतो, वापरणाऱ्याच्या सेटिंगमध्ये, मशीनमध्ये किंवा फाइल जिथे ठेवली आहे त्या जागेत. चार चाचण्या करा, याच क्रमाने.

१. नवं कोरं ड्रॉइंग उघडा आणि तीच कमांड द्या. नीट चालली तर संशय फाइलवर. तिथेही बिघडली तर फाइल निर्दोष आहे, तिच्यामागे वेळ घालवू नका.
२. तीच फाइल शेजारच्या मशीनवर उघडा. तिथेही तसंच होत असेल तर फाइलवरचा संशय पक्का.
३. फाइल सर्व्हरवर, पेनड्राइव्हवर किंवा क्लाउडच्या सिंक होणाऱ्या फोल्डरमध्ये असेल तर ती सी ड्राइव्हवर कॉपी करून उघडा. सेव्ह करताना अडकणं, ‘रीड ओन्ली’ येणं, मध्येच हँग होणं यातलं बरंच इथे उलगडतं.
४. त्याच मशीनवर विंडोजच्या दुसऱ्या लॉगिनने ऑटोकॅड सुरू करा. तिथे नीट चाललं तर तुमच्या प्रोफाइलची सेटिंग बिघडली आहेत. प्रोग्राम शाबूत आहे, रीइन्स्टॉलची गरज नाही.

चित्र तुटक दिसणं, कर्सर मागे राहणं, वस्तू पुसली तरी तिची सावली उरणं अशी लक्षणं असतील तर पाचवी चाचणी: ‘ग्राफिक्सकॉन्फिग’ देऊन हार्डवेअर ॲक्सिलरेशन बंद करा. लक्षण गेलं तर ग्राफिक्स ड्रायव्हरकडे बघायचं. दोन ग्राफिक्स कार्डं असलेल्या लॅपटॉपवर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ऑटोकॅडसाठी ‘हाय परफॉर्मन्स’ निवडलंय का तेही पाहा.

४. सेटिंग फाइलसोबत जाते की मशीनमध्ये राहते?

‘फाइल पाठवतो, बघा’ म्हणून फाइल पाठवली आणि समोरचा म्हणाला, ‘माझ्याकडे तर बरोबर चालते.’ असं होतं, कारण काही सेटिंग फाइलमध्ये साठवली जातात आणि काही मशीनमध्ये, विंडोजच्या रजिस्ट्रीत.

मशीनमध्ये राहणारी, म्हणजे फाइल पाठवून जी समोरच्याला दिसणार नाहीत:

- फाइल उघडायची खिडकी येत नाही, कमांड लाइनवर नाव विचारतं: ‘फाइलडिया’ १ करा. एखादी स्क्रिप्ट किंवा लिस्प (ऑटोकॅडच्या आत चालणारा छोटा प्रोग्राम) मध्येच तुटली की हा ० वर अडकतो.
- दुसरी वस्तू निवडली की पहिली सुटते: ‘पिकॲड’ २ करा.
- आधी निवडून मग डिलीट दाबलं तर काही होत नाही: ‘पिकफर्स्ट’ १ करा.
- कर्सर आपोआप जवळच्या बिंदूंवर ओढला जातो: एफ३ दाबून ओस्नॅप बंद करा.
- कमांड लाइन गायब: कंट्रोल आणि ९. सगळ्या पट्ट्या गायब: कंट्रोल आणि ०.

फाइलसोबत जाणारी: रेषांच्या तुटकपणासाठी ‘एलटीस्केल’ आणि ‘पीएसएलटीस्केल’, एककासाठी ‘इन्सयुनिट्स’, मिरर केल्यावर अक्षरं उलटी होत असतील तर ‘मिररटेक्स्ट’ (कमांडमध्ये ‘मिरर’चे शेवटचे ओ आणि आर गाळून) ० करा, हॅच आणि जाड पॉलीलाइन पोकळ दिसत असतील तर ‘फिलमोड’ १ करून रीजेन (चित्र नव्याने काढायची कमांड), कर्सर उड्या मारत असेल तर एफ९ दाबून स्नॅप बंद करा, रेषा फक्त आडवी-उभीच जात असेल तर एफ८ दाबून ऑर्थो बंद करा.

पूर्ण ऑटोकॅडमध्ये ‘सिसव्हारमॉनिटर’ अशी कमांड आहे. महत्त्वाच्या सेटिंगची किंमत बदलली की ती सांगते. चार-पाच जण एकच मशीन वापरतात अशा ऑफिसात ती चालू ठेवाच.

सावधान: एखादी किंमत बदलण्याआधी जुनी लिहून ठेवा. पाच किमती एकदम बदलल्या तर कशाने सुधारलं आणि कशाने नवीन बिघाड आला, दोन्ही कळत नाही.

५. दोष फाइलमध्ये असेल तर: सफाई या क्रमाने

१. फाइल डबल क्लिकने न उघडता, कोऱ्या ड्रॉइंगमधून ‘रिकव्हर’ने उघडा. एक्सरेफ जोडलेले असतील तर ‘रिकव्हरऑल’, म्हणजे जोडलेल्या फाइलीही तपासल्या जातात.
२. ‘ऑडिट’ द्या, चुका दुरुस्त करायच्या का याला ‘हो’. चुका शून्य येईपर्यंत पुन्हा द्या.
३. ‘पर्ज’ करा, म्हणजे न वापरलेले ब्लॉक, लेअर वगैरे निघून जातात.
४. मग वजाचं चिन्ह लावून ‘पर्ज’ टाइप करा आणि त्यातला ‘रेगॲप्स’ पर्याय घ्या. वर्षानुवर्षं एकाकडून दुसऱ्याकडे फिरलेल्या फाइलींत ही अदृश्य नोंद हजारोंनी साठते. दोन रेषांची फाइल कित्येक एमबीची का, याचं उत्तर बऱ्याचदा इथे सापडतं.
५. ‘स्केललिस्टएडिट’ उघडून स्केलची यादी रीसेट करा. ती शेकड्यांनी वाढलेली असेल तर कॉपी-पेस्टसुद्धा रखडतं.
६. नव्या नावाने सेव्ह करा, बंद करा, पुन्हा उघडा.

तरीही सुधारली नाही तर ‘डब्ल्यूब्लॉक’ने सगळ्या वस्तू नव्या फाइलमध्ये काढा. तेही अडलं तर अर्ध्या वस्तू काढून पाहा, बिघाड ज्या अर्ध्यात आहे त्याचा पुन्हा अर्धा. काही फेऱ्यांत दोषी वस्तू सापडते. काम कंटाळवाणं आहे, पण खात्रीचं आहे.

सावधान: बांधकाम परवानगीच्या ऑनलाइन प्रणालीसाठी ठरावीक नावांच्या लेअरचं टेम्पलेट वापरत असाल तर पर्ज करताना लेअर वगळा. रिकामे लेअर पर्ज उडवून टाकतो आणि मग ड्रॉइंगची तपासणी अडते. लेअर हाताने परत केले तर नावातली एक स्पेस चुकली तरी पुरते.

सावधान: ड्रॉइंगच्या फोल्डरमध्ये तुम्ही न ठेवलेली ‘अकॅड’ किंवा ‘अकॅडडॉक’ नावाची लिस्प किंवा फास (लिस्पचंच बांधलेलं रूप) फाइल दिसली तर ती उघडू नका. अशा फाइलींतून पसरणारे व्हायरस जुने आणि चिवट आहेत. ते प्रत्येक फोल्डरमध्ये स्वतःची प्रत टाकतात आणि कमांड बिघडवतात. ऑफिसची स्वतःची लिस्प याच नावाने असू शकते, म्हणून पुसण्याआधी विचारा. ‘सिक्युअरलोड’ १ ठेवा आणि अनोळखी फाइल लोड करू का असं विचारलं तर ‘नाही’.

६. हे पाच प्रश्न विचारण्याआधी स्वतः तपासा

ठाणे-नवी मुंबईत जी कामं चालतात, त्यांत हे पाच पुन्हा पुन्हा येतात.

*माप चुकतंय.* दरवाज्याची रुंदी ‘डिस्ट’ने मोजा. ९०० आलं तर ड्रॉइंग मिलिमीटरमध्ये, ०.९ आलं तर मीटरमध्ये, ३५.४३ आलं तर इंचात. आता ‘इन्सयुनिट्स’ पाहा: मिलिमीटरला ४, मीटरला ६, इंचाला १. प्रत्यक्ष माप आणि हा आकडा जुळत नसेल तर दुसऱ्या फाइलमध्ये घेताना ब्लॉक २५.४ पट किंवा हजार पट होतो. लोकांची चूक अशी, की ते फक्त आकडा बदलतात आणि रेषाही बदलल्या असं समजतात. रेषा जशाच्या तशा राहतात. त्यांच्यासाठी ‘स्केल’ वेगळा द्यावा लागतो.

*मराठी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं किंवा इंग्रजी कचरा.* हे दोन वेगळे दोष आहेत. प्रश्नचिन्हं येत असतील तर मजकूर युनिकोड आहे, पण टेक्स्ट स्टाइलला एसएचएक्स, म्हणजे ऑटोकॅडचा स्वतःचा, फॉन्ट लावला आहे आणि त्यात देवनागरी अक्षरंच नाहीत. स्टाइल बदलून मंगल किंवा निर्मला यूआय लावा, मजकूर परत येतो. इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा गोंधळ दिसत असेल तर मजकूर श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला आहे. तोच फॉन्ट बसवल्याशिवाय तो वाचता येणार नाही आणि युनिकोड फॉन्ट लावून काही होणार नाही. पाठवणाऱ्याकडून फॉन्टचं नेमकं नाव किंवा पीडीएफ मागा. फॉन्ट न सापडल्यास ऑटोकॅड ‘फॉन्टऑल्ट’मधला फॉन्ट लावतं, म्हणून उघडताना येणारा इशारा न वाचता बंद करू नका.

*प्रिंट चुकते.* रेषा रंगीत किंवा फिकट आली तर सीटीबी सापडलेली नाही. प्लॉटवाल्याला डीडब्ल्यूजी देताना सीटीबी द्यायला विसरतात, खरं तर पीडीएफच द्यावा. स्क्रीनवर दिसणारी रेषा कागदावर नसेल तर ती ‘डेफपॉइंट्स’ लेअरवर आहे का बघा, तो लेअर कधीच छापला जात नाही. लेअरच्या यादीतली प्रिंटरची खूणही पाहा. स्केल चुकत असेल तर दोन जागा: प्लॉटच्या खिडकीत ‘फिट टू पेपर’ चालू आहे, किंवा पीडीएफ छापताना दुकानात ‘फिट’ निवडलं गेलं. ‘ॲक्चुअल साइज’ सांगा. शीटच्या कोपऱ्यात बरोबर १०० मिलिमीटरची एक रेषा काढून ठेवा आणि दुकानातच तिच्यावर पट्टी ठेवून मोजा. ९७ आली तर तिथेच कळतं, साइटवर नाही. ए१ म्हणजे ५९४ गुणिले ८४१, ए० म्हणजे ८४१ गुणिले ११८९. ३६ इंची रोल ९१४ मिलिमीटरचा असल्याने ए० त्यावर बसतो, २४ इंची रोलवर ए१च्या पुढे जाता येत नाही.

*लेझर कटिंगवाला डीएक्सएफ परत पाठवतो.* डीएक्सएफ म्हणजे ड्रॉइंग दुसऱ्या सॉफ्टवेअरला किंवा मशीनला द्यायची फाइल. ती परत येण्याची जवळपास नेहमी तीनच कारणं असतात. सीमा उघडी आहे, एकावर एक रेषा आहेत त्यामुळे मशीन तीच जागा दोनदा कापतं, किंवा माप इंचात आहे. ‘ओव्हरकिल’ देऊन दुहेरी रेषा काढा, ‘जॉइन’ने सीमा जोडा, प्रॉपर्टीमध्ये ‘क्लोज्ड’पुढे ‘यस’ आहे का पाहा. माप एकास एक, मिलिमीटरमध्ये. मितीरेषा, मधल्या रेषा आणि टायटल ब्लॉक काढून टाका, वाकवायच्या रेषा वेगळ्या लेअरवर ठेवा आणि कटिंगवाल्याला तसं लिहून सांगा. कोणती आवृत्ती हवी ते आधीच विचारा. जुन्या आर१२ डीएक्सएफमध्ये स्प्लाइन नसते, तिचे तुकडे होतात, म्हणून सेव्ह केल्यावर वक्र तपासा. ओव्हरकिलचा टॉलरन्स मोठा ठेवलात तर शेजारी-शेजारी असलेल्या खऱ्या रेषाही जातात.

*सर्वे आल्यापासून हॅच होत नाही, वर्तुळं वाकडी दिसतात.* सर्वेयर यूटीएम (पृथ्वीचे पट्टे पाडून जागा मीटरमध्ये सांगायची पद्धत) निर्देशांक देतो. ठाण्याचा भाग ४३ उत्तर झोनमध्ये येतो. पूर्वेकडचा आकडा सुमारे २ लाख ८५ हजार मीटर, उत्तरेकडचा सुमारे २१ लाख २० हजार मीटर. ड्रॉइंग मिलिमीटरमध्ये केलं की हाच उत्तरेचा आकडा २१२ कोटींच्या घरात जातो. शून्य बिंदूपासून इतक्या दूर स्क्रीनवरचं चित्रण आणि हॅचची सीमा शोधणं डळमळतं. उपाय म्हणून मूळ सर्वे कधीही हलवू नका. त्याची प्रत एका पूर्ण, लिहून ठेवलेल्या आकड्याने शून्याजवळ आणा, तो आकडा शीटवरच नोंदवा, आणि निर्देशांक द्यायची वेळ आली की उलट हलवा. डोळ्यांच्या अंदाजाने हलवलेला प्लॉट परत जागेवर नेता येत नाही.

७. योग्य माणूस निवडा

लायसन्स, ॲक्टिवेशन, लॉगिन यांसाठी ज्याच्याकडून सबस्क्रिप्शन घेतलं तो अधिकृत विक्रेता किंवा ऑटोडेस्कच्या खात्यातली मदत. नेटवर्क, सर्व्हर, ग्राफिक्स ड्रायव्हरसाठी ऑफिसचा आयटीवाला. प्रिंटच्या रंग-जाडीसाठी प्लॉटवाला, कारण त्याच्या मशीनचा स्वभाव त्यालाच माहीत. दुसऱ्या कंपनीकडून आलेल्या फाइलीत विचित्र, हात न लावता येणाऱ्या वस्तू असतील तर पाठवणाऱ्यालाच विचारा. त्या त्याच्या खास सॉफ्टवेअरच्या प्रॉक्सी वस्तू असतात, साध्या रेषांमध्ये काढून द्यायची विनंती करा. परवानगीचं ड्रॉइंग नाकारलं गेलं असेल तर त्या प्रणालीचा मदत कक्ष, आणि सोबत नकाराचा अहवाल हवाच. कमांड आणि पद्धतीसाठी ऑफिसातला जुना ड्राफ्ट्समन किंवा क्लासचे सर. आयटीआय करून वीस वर्षं बोर्डावर आणि मग कॅडवर काम केलेल्या माणसाला मापाची चूक ज्या वेगाने दिसते, तो वेग कोणत्याही हेल्पलाइनकडे नाही.

क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर असेल तर मदतीचा पहिला दरवाजाच बंद असतो, आणि त्यातून आलेला बिघाड कोणालाच खात्रीने शोधता येत नाही.

८. मदतीचं पाकीट बांधा

एक झिप आणि एक मेसेज. झिपमध्ये:

१. नमुना फाइल. पूर्ण टॉवरचं ड्रॉइंग नको. दोष दिसेल एवढाच तुकडा ‘डब्ल्यूब्लॉक’ने काढा, पुन्हा उघडून दोष अजून दिसतो का पाहा. दिसत नसेल तर तो तुकडा उपयोगाचा नाही, पण दोष उरलेल्या भागात आहे हे तुम्हाला कळलं.
२. एक्सरेफ, फॉन्ट, सीटीबी. हाताने गोळा करू नका, ‘ईट्रान्समिट’ सगळं एकत्र बांधतो.
३. चुकलेला पीडीएफ किंवा स्क्रीनशॉट. विंडोज, शिफ्ट आणि एस एकत्र दाबा. मोबाइलचा फोटो नको. दोषाच्या जागी रेव्हिजन क्लाउडची (ढगासारख्या रेषेची) खूण करा.

समोरच्याची आवृत्ती जुनी असेल तर २०१३ किंवा २०१० फॉरमॅटमध्ये सेव्ह करा. २०१८चा फॉरमॅट २०१७ किंवा त्याआधीच्या ऑटोकॅडमध्ये उघडत नाही. फाइल कोणत्या फॉरमॅटची आहे ते कळत नसेल तर तिची प्रत नोटपॅडमध्ये उघडा. सुरुवातीची सहा अक्षरं सांगतात: एसी१०३२ म्हणजे २०१८, एसी१०२७ म्हणजे २०१३, एसी१०२४ म्हणजे २०१०. नोटपॅडमध्ये सेव्ह करू नका. फॉरमॅट बदलायला ऑटोडेस्कचं डीडब्ल्यूजी ट्रूव्ह्यू मोफत मिळतं.

मेसेज असा:

‘नमस्कार सर. ऑटोकॅड एलटी २०२३, विंडोज ११, रॅम १६ जीबी. ए१ शीटचा पीडीएफ काढला की टॉयलेटचा हॅच काळा भरीव येतो, स्क्रीनवर बरोबर दिसतो. कोऱ्या ड्रॉइंगमध्ये तोच हॅच नीट येतो. दुसऱ्या मशीनवर ही फाइल अशीच छापते. रिकव्हर आणि ऑडिट केलं, चूक निघाली नाही. झिपमध्ये नमुना, सीटीबी आणि चुकलेला पीडीएफ आहे, जागेवर क्लाउड केला आहे. उद्या दुपारी ३ पर्यंत प्लॉटला द्यायचंय.’

हे वाचणारा माणूस हॅचचं स्केल आणि सीटीबी इथूनच सुरुवात करेल, ‘कोणती आवृत्ती?’ पासून नाही. आवृत्तीचं नाव ‘अबाउट’ कमांडने बघून लिहा. पूर्ण की एलटी हे सांगाच, कारण अनेक उपाय लिस्पवर असतात आणि २०२४ आधीच्या एलटीमध्ये लिस्प चालत नाही.

सावधान: क्लायंटचं नाव, साइटचा पत्ता, टायटल ब्लॉक नमुन्यातून काढा. टीटीसी औद्योगिक वसाहतीतल्या कित्येक कंपन्यांच्या ड्रॉइंगवर गोपनीयतेची अट असते. बाहेर पाठवण्याआधी साहेबांना विचारा.

९. मदत चालू असताना

स्क्रीन दुसऱ्याच्या हाती देत असाल तर मेल, बँक, इतर ड्रॉइंग आधी बंद करा आणि काम संपेपर्यंत उठू नका. तो जे बदलेल ते कागदावर लिहा: सेटिंगचं नाव, जुनी किंमत, नवी किंमत. एका वेळी एकच बदल आणि प्रत्येक बदलानंतर तीच चाचणी.

‘रीसेट सेटिंग्ज’ हा उपाय सुचवला गेला तर आधी ‘ऑप्शन्स’मधून प्रोफाइल एक्सपोर्ट करा, आणि सीटीबी, टेम्पलेट, हॅच पॅटर्न, लिस्प, सीयूआयएक्स (मेनू आणि पट्ट्यांच्या रचनेची फाइल) यांच्या प्रती काढा. रीसेट विंडोजच्या स्टार्ट मेनूत ऑटोकॅडच्या फोल्डरमध्ये असतो आणि बॅकअप घेऊ का असंही विचारतो. तिथे बॅकअपचा पर्याय घ्या. रीइन्स्टॉल सगळ्यात शेवटी, आणि तिसऱ्या टप्प्यातली चौथी चाचणी केल्याशिवाय तर नाहीच.

१०. उत्तर पडताळा आणि लिहून ठेवा

सुधारलं असं वाटलं की फाइल बंद करून पुन्हा उघडा. मशीन रीस्टार्ट करून पुन्हा उघडा. दुसऱ्या मशीनवर उघडा. प्रिंटचा प्रश्न असेल तर एक ए३ काढून १०० मिलिमीटरची रेषा मोजा. चारही ठिकाणी टिकलं तरच तो उपाय मूळ फाइलवर करा. मूळ फाइलची एक प्रत तारखेसकट बाजूला ठेवूनच.

ज्याने मदत केली त्याला नेमकं कशाने सुधारलं ते कळवा. ‘झालं सर, थँक्यू’ एवढ्यावर सोडू नका, कारण तीनपैकी कोणता उपाय लागू पडला हे त्यालाही माहीत नसतं.

आणि ऑफिसात एक वही ठेवा. प्रत्येक बिघाडाला चार ओळी पुरतात:

लक्षण: ओपन दिल्यावर खिडकी येत नाही.
जागा: फक्त मशीन ३, सगळ्या फाइलींना.
कारण: प्लॉटची लिस्प एस्केप दाबून मध्येच थांबवली, फाइलडिया ० राहिला.
उपाय: फाइलडिया १. लिस्प पूर्ण होऊ द्यायची.